घरात नेट एक, कॉम्प्युटर चार, पण पत्ते वाटणारा एकच पाहिजे

आमच्या घरात दुपारी एक आरोळी हमखास येती, "आरं नेट कुणी खायलंय?" आरोळी भैय्याची. ओसरीलगतच्या खोलीत त्याचं ऑनलाईन सेंटर आहे, समोर पीकविम्याचा फॉर्म भरायला आलेली माणसं सातबारा आणि पासबुक धरून बसलेली आणि स्क्रीनवर चक्र नुसतं गोल गोल फिरायलं. त्याच टायमाला माजघरात पुतण्या नीटच्या टेस्ट सिरीजला बसलेला असतो, माडीवर माझी पुण्याच्या ऑफिसची मीटिंग चालू असती आणि मागच्या नव्या स्लॅबच्या खोलीत वहिनी जुन्या डेस्कटॉपवर शाळेच्या याद्या करत असतात. कनेक्शन एकच, फायबरचं, 40 एमबीपीएसचं. गाव परभणी जिल्ह्यातलं, घर अर्धं माळवदाचं अर्धं स्लॅबचं, म्हणजे मराठवाड्यात निम्म्या गावात असतंय तसलंच.

आता ही आरोळी महिन्यातून एखाद्या वेळेस येती, आधी रोज यायची. दुसरं कनेक्शन घ्यावं असं भैय्या म्हणत होता, मी म्हणलं थांब, आधी आहे ते नीट वाटून बघू. ते कसं केलं ते सांगतो, चुका पण सांगतो कारण खरं शिक्षण तिथंच झालं.

आधी एक गोष्ट डोक्यात बसू द्या म्हणजे पुढचं सोपं जातंय. कंपनी तुम्हाला बाहेरचा पत्ता एकच देती. घरातला राऊटर आतल्या प्रत्येक कॉम्प्युटरला, मोबाईलला, प्रिंटरला आतल्या आत वेगळा पत्ता देतो, 192.168.1.5, 192.168.1.6 असा. हे पत्ते फक्त घरापुरते, तुमच्या शेजाऱ्याच्या घरात पण हेच आकडे असतील, काही बिघडत नाही. बाहेर जाताना सगळे त्या एका पत्त्यानं जातात आणि आलेलं उत्तर कुणाचं आहे हे राऊटर वहीत लिहून ठेवल्यासारखं लक्षात ठेवतो. ह्याला नॅट म्हणतात. आणि आतले पत्ते वाटायच्या कामाला डीएचसीपी म्हणतात. पत्त्याचा डाव बसल्यावर पिसणारा आणि वाटणारा एकच असतो ना, तसंच इथं. दोघं जण दोन कॅट घेऊन वाटायला बसले की डाव मोडला. घरातल्या नेटच्या ज्या भानगडी मी बघितल्या त्यातल्या निम्म्या ह्याच एका कारणानं झालेल्या.

आता डब्याकडं या. फायबर घेतलं असेल तर कंपनीचा माणूस जो पांढरा नाहीतर काळा डबा बसवून जातो तो बहुतेक वेळा नुसता मोडेम नसतो, त्यातच राऊटर असतो, वायफाय असतंय आणि मागं लॅनची म्हणजे घरातल्या वायरी खोचायची भोकं असतात, एक नाहीतर चार. म्हणजे वाटायची सोय आधीच घरात असती, लोकांना माहीत नसतंय आणि लगेच दुकानात जाऊन दुसरा राऊटर आणतात. डबा उलटा करून बघा, खाली स्टिकरवर त्याचा आतला पत्ता असतो, 192.168.1.1 किंवा 192.168.0.1 असला काहीतरी, शिवाय युजरनेम पासवर्ड. तो पत्ता ब्राउजरमध्ये टाकला की सेटिंगचं पान उघडतं. कंपनीकडून एक बारीक वायर येती ती काचेची, तिला करकचून वाकवायचं नाही, खिळ्याला गुंडाळायचं नाही, आणि तिच्या टोकात डोळा घालून तर अजिबात बघायचं नाही, आतला लेझर दिसत नाही पण डोळ्याला घातक असतो. डब्यावर एलओएस नावाचा लाल दिवा लुकलुकायला लागला तर समजायचं बाहेर कुठंतरी वायर तुटली, नाहीतर माकडानं ओढली. तेव्हा घरातलं काही खोलत बसू नका, कंपनीला फोन लावा.

डबा कुठं बसवायचा हे मात्र तुम्ही ठरवा, बसवायला आलेल्या पोराला ठरवू देऊ नका. त्याला पुढच्या घरी जायची घाई असती, तो दारातून आत आल्याबरोबर जी पहिली भिंत दिसंल तिथं ठोकून मोकळा होतो. आमच्याकडं त्यानं ओसरीतल्या देवळीत बसवला होता, म्हणजे तिन्ही बाजूनं माती. जुनी माळवदाची घरं तुम्हाला माहितीच आहेत, भिंती दगड-मातीच्या, दीड-दोन हात जाड, उन्हाळ्यात आत गार वाटतंय ते ह्याच भिंतींमुळं आणि वायफाय मरतंय ते पण ह्याच भिंतींमुळं. पत्र्याचं तर आणखीन वेगळं, पत्रा म्हणजे लोखंड, सिग्नल त्याच्यावरून परत फिरतो. आम्ही डबा काढून माजघरात उंचावर घेतला, तुळईच्या खाली, पेटीकपाटापासून लांब, आणि तेवढ्यानंच माडीवर दोन काड्या वाढल्या. एक पैसा लागला नाही.

आता माझा नियम, ह्याच्यावर घरात वाद झाला पण मी सोडला नाही: जे जागचं हलत नाही त्याला वायर, जे हातात घेऊन फिरतं त्याला वायफाय. भैय्याचा सेंटरचा कॉम्प्युटर, त्याचा प्रिंटर आणि वहिनींचा डेस्कटॉप हे तिन्ही वायरवर. वायरीवर नेट अडखळत नाही आणि वायफाय मोबाईल-लॅपटॉपला मोकळं राहतंय. दुकानात वायर कॅट फाईव्ह-ई किंवा कॅट सिक्स म्हणून मागायची, घरासाठी दोन्हींपैकी कुठलीही चालती. एक सलग तुकडा 100 मीटरपर्यंत चालतो, तेवढा वाडा आता कुणाचा राहिलाय. फक्त तांब्याची घ्या. बाजारात वरून तांब्याचा मुलामा आणि आत अॅल्युमिनियम असली स्वस्त वायर लई मिळती, ती वाकवली की मोडती आणि टोकाला काळी पडती. चाकूनं तार जराशी खरवडून बघा, आत पांढरी निघाली तर परत देऊन टाका.

वायरीच्या टोकाला भोकात खोचायच्या प्लास्टिकच्या क्लिपा मी स्वतःच मारल्या. त्या दाबून बसवायचं क्रिम्पिंग टूल तालुक्याला मोबाईल रिपेअरिंगच्या दुकानातून दोन दिवसासाठी मागून आणलं. वायरीत आठ तारा असतात, वेटोळ्या घातलेल्या चार जोड्या. त्या सरळ करून ह्या क्रमानं लावायच्या: पांढरी-नारंगी, नारंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. क्लिपची दांडी खाली आणि पितळेच्या पट्ट्या वर धरल्या की डावीकडून हा क्रम. दोन्ही टोकाला तोच. बघा, निळ्याची जोडी मधी येती आणि हिरव्याची जोडी तिच्या दोन्ही बाजूला फाकती, पहिल्यांदा सगळे इथंच चुकतात, हिरवी हिरवीशेजारी लावून मोकळे होतात. तारा अंगठ्याखाली दाबून कात्रीनं सरळ रेषेत कापायच्या, क्लिपच्या टोकापर्यंत आठीच्या आठी पोचल्यात का उजेडाला धरून बघायचं, बाहेरचं निळं नाहीतर पांढरं कव्हर पण क्लिपच्या आत थोडं गेलं पाहिजे, मगच टूल दाबायचं. माझी पहिली चार टोकं वाया गेली, पाचव्याला जमलं. क्लिपा डझनानं आणा.

टोक बरोबर बसलं का हे कळायची एक युक्ती. विंडोजच्या सेटिंगमध्ये नेटवर्कमध्ये जाऊन इथरनेटवर दाबलं की लिंक स्पीड दिसतो. 1000 दिसलं तर आठही तारा लागल्या. डबा आणि कॉम्प्युटर दोन्ही गिगाबिटचे म्हणजे 1000 चे असून 100 च दिसायलं तर एखादी तार सुटली, कारण 100 ला चारच तारा पुरतात, 1000 ला आठी लागतात. 40 एमबीपीएसच्या कनेक्शनला खरं तर 100 पण भरपूर झालं, पण सुटलेली तार आज एक आणि उद्या दोन होतात.

डब्याला भोकं कमी पडली तर स्विच आणा, पाच भोकांचा साधा. त्याला काही सेटिंग नसती, तो पत्ते वाटत नाही, नुसता जोडतो, म्हणून निर्धास्त लावा. एक फक्त सांभाळा. आमच्या पुतण्यानं साफसफाई करताना एक मोकळी वायर लोंबत होती म्हणून तिची दोन्ही टोकं नीट दिसावीत म्हणून त्याच स्विचमध्ये खोचून दिली. झालं, सगळ्या घराचं नेट बसलं, स्विचचे सगळे दिवे एकदम दिवाळीच्या माळेसारखे फडफडायला लागले. एकच निरोप त्या वायरीतून गोल गोल फिरत राहतो आणि दुसऱ्या कुणाला जागाच उरत नाही. अर्धा दिवस आम्ही कंपनीला शिव्या दिल्या, मग मला ती वायर दिसली.

आता ती मोठी भानगड. मागच्या स्लॅबच्या खोलीत मोबाईलला वायफाय पोचत नव्हतं. भैय्याकडं जुना राऊटर पडून होता, आधीच्या कनेक्शनचा. मी म्हणलं हाच लावू. माजघरातून मागं वायर नेली आणि जुन्या राऊटरच्या लॅनच्या भोकात खोचली, वायफाय दिसलं, सगळे खूष. दुसऱ्या दिवशी सकाळी सेंटरचा कॉम्प्युटर चालू केला तर कनेक्टेड दाखवतोय पण इंटरनेट नाही. बंद करून चालू केलं तर आलं. मग प्रिंटर सापडंना. मग वहिनींचं गेलं आणि भैय्याचं आलं. पीकविम्याची मुदत दोन दिवसावर, ओसरीत माणसं ही एवढी, आणि मी पालथा पडून वायरी हलवायलोय. अण्णा आरामात सुपारी कातरत म्हणले, "कालपर्यंत चालायलं होतं की, तू हात लावला अन् गेलं." खरंच होतं ते.

झालं असं होतं की जुना राऊटर पण पत्ते वाटायला लागला होता. कंपनीचा डबा 192.168.1 चे पत्ते देत होता, जुना 192.168.0 चे. कॉम्प्युटर चालू झाला की तो ओरडून विचारतो, पत्ता कोण देतंय, आणि जो आधी उत्तर देईल त्याचा पत्ता घेऊन बसतो. जुन्यानं आधी दिला की कॉम्प्युटर समजणार बाहेरचा रस्ता ह्याच्याकडूनच आहे, आणि त्याच्यामागं तर काहीच नव्हतं. म्हणून कनेक्टेड पण नेट नाही. आणि प्रिंटर एका आळीत, कॉम्प्युटर दुसऱ्या आळीत, कसा सापडणार?

तर जुना राऊटर लावायचा असेल तर असा लावा. आधी तो एकटा कॉम्प्युटरला वायरनं जोडा, बाकी काही जोडू नका. त्याचं सेटिंगचं पान उघडा. त्यात एपी मोड म्हणजे अॅक्सेस पॉइंट मोड असेल तर तेवढंच निवडा, बाकीचं तो बघून घेतो. नसेल तर आधी वायफायचं नाव आणि पासवर्ड टाका, मग त्याचा स्वतःचा आतला पत्ता मोठ्या डब्याच्या आळीतला द्या पण वेगळा, म्हणजे मोठा 192.168.1.1 असेल तर ह्याला 192.168.1.2. मोठा डबा कुठपासून कुठपर्यंतचे पत्ते वाटतो ते त्याच्या पानावर दिसतंय, 2 हा त्याच्या बाहेर राहील असं बघा, मी तिथं 100 ते 200 करून टाकलं म्हणजे कटकट नाही. आणि शेवटी डीएचसीपी बंद. पत्ता बदलला की पान निघून जातंय, घाबरू नका, नव्या पत्त्यावर परत उघडा, आणि डीएचसीपी बंद झाल्यावर तर कॉम्प्युटरला पत्ता देणारंच कुणी राहत नाही म्हणून ते काम सगळ्यात शेवटी. मग मोठ्या डब्याच्या लॅनमधून आलेली वायर ह्याच्या लॅनमध्येच, वॅन लिहिलेल्या, म्हणजे बाहेरचं नेट आत घ्यायच्या, वेगळ्या रंगाच्या भोकात नाही. वॅनमध्ये लावलं तर नेट चालतं, पण घरात दुसरं घर तयार होतं, मागच्या खोलीतून पुढचा प्रिंटर सापडत नाही.

वायफायचं नाव दोन्ही डब्यांचं सारखंच ठेवलं आणि पासवर्ड पण, मोबाईल घरात फिरंल तसा आपोआप जवळचा पकडतो, कधी जरा उशिरा. वायफायचे दोन पट्टे असतात, 2.4 आणि 5 गिगाहर्ट्झ. 2.4 वर एकाला 1 चॅनल दिला आणि दुसऱ्याला 11, म्हणजे एकमेकांवर ओरडत नाहीत. जाड भिंतीतून 2.4 च त्यातल्या त्यात बरं जातंय, 5 गिगाहर्ट्झ पळतंय जोरात पण एका भिंतीत दम सोडतंय, ते लॅपटॉपला डबा असलेल्या खोलीतच वापरा. वायर न्यायची नको म्हणून रिपीटर घेतात लोक, घ्या, पण तो बारीक सिग्नल धरून बारीकच पुढं देतो, आणि साधा असेल तर वेग अर्धा होतो.

शेतातल्या आखाड्यावर नाहीतर गल्लीपलीकडच्या चुलत्याच्या घरी तांब्याची वायर बाहेरून लोंबकळत नेऊ नका. मृगाच्या आधी आपल्याकडं कसं कडाडतंय माहिती आहे, जवळपास वीज पडली की त्या वायरीतून झटका आत येतो आणि दोन्हीकडचे डबे जातात. न्यायचीच असेल तर फायबर आणि दोन टोकाला मीडिया कन्व्हर्टर, म्हणजे काचेची वायर तांब्याच्या वायरीला जोडणारा डबा, काचेतून करंट जात नाही. आणि शेजाऱ्याला पैसे घेऊन नेट विकायच्या भानगडीत पडू नका, त्याला लायसन्स लागतंय, शिवाय त्यानं काही उद्योग केला तर पोलीस तुमचं नाव विचारत येणार.

राऊटरच नसेल, नुसतं एका कॉम्प्युटरला नेट आहे, तर? मग तोच कॉम्प्युटर वाटप करू शकतो. ही सोय विंडोजमध्ये 98 च्या दुसऱ्या आवृत्तीपासून म्हणजे 1999 पासून आहे, नवीन काही नाही. आता सगळ्यात सोपं म्हणजे विंडोज 10 किंवा 11 मध्ये सेटिंग, नेटवर्क, मोबाईल हॉटस्पॉट, चालू. आठ उपकरणं जोडता येतात. वायरनं द्यायचं असेल तर नेटवर्क कनेक्शनच्या यादीत ज्या कनेक्शनला नेट येतंय त्याच्यावर राईट क्लिक, प्रॉपर्टीज, शेअरिंगच्या टॅबमध्ये टिक करून खाली दुसरी लॅन निवडायची. दुसऱ्या कॉम्प्युटरला 192.168.137 चा पत्ता मिळाला की समजायचं जमलं. तोटा हा की पहिला कॉम्प्युटर बंद तर सगळं बंद, आणि कधी कधी रिस्टार्ट केल्यावर टिक असूनही चालत नाही, टिक काढून परत मारावी लागती.

फायबर तुटलं त्या दिवशी आम्ही मोबाईल यूएसबीनं सेंटरच्या कॉम्प्युटरला लावतो आणि यूएसबी टेदरिंग चालू करतो. हॉटस्पॉटपेक्षा हे बरं, मोबाईल चार्ज पण होत राहतो. फक्त तेव्हा विंडोजमध्ये त्या कनेक्शनला मीटर्ड, म्हणजे डेटा मोजका आहे असं, करून टाका, नाहीतर अपडेटच दिवसाचा सगळा डेटा गिळंल.

आता "नेट कुणी खायलंय" ह्या प्रश्नाचं उत्तर. 40 एमबीपीएस म्हणजे सेकंदाला 40 एमबी नाही, आठानं भागा, 5 एमबी. एका कॉम्प्युटरनं 4 जीबीचा अपडेट ओढायला घेतला तर तेरा-चौदा मिनिटं तो एकटाच सगळी लाईन अडवू शकतो. तीन कॉम्प्युटर असले की तिघं तेच ओढणार. त्यासाठी विंडोज अपडेटच्या अॅडव्हान्स्ड ऑप्शनमध्ये डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन म्हणून आहे, तिथं घरातल्या नेटवर्कवरच्या दुसऱ्या कॉम्प्युटरकडून घ्यायला परवानगी द्या, म्हणजे एकानं आणलेलं बाकीच्यांना बरंचसं घरातल्या घरात मिळतंय. पण आमच्याकडचा खरा चोर दुसराच निघाला. लग्नाचे व्हिडिओ. वहिनींच्या भावाचं लग्न झालं, सगळ्यांच्या मोबाईलमध्ये फोटो-व्हिडिओ, आणि घरच्या वायफायवर आल्याबरोबर सगळे मोबाईल ते ढगात चढवायला लागले. वर जायचा रस्ता भरला की खाली यायचं पण अडकतं, मीटिंगमध्ये माझा आवाज तुटायचा आणि लोक म्हणायचे गावाकडं नेटच नाही. बॅकअप रात्रीच चालू करायचा असं ठरवलं. तुमच्या राऊटरमध्ये बँडविड्थ कंट्रोल किंवा क्यूओएस, म्हणजे नेट आधी कुणाला द्यायचं ते ठरवायची सोय, असेल तर सेंटरच्या कॉम्प्युटरला पहिला मान द्या, आम्ही दिलाय.

सेंटरला आलेली पोरं वायफायचा पासवर्ड मागतात. त्यांच्यासाठी गेस्ट नेटवर्क वेगळं काढलं, त्यातून नेट मिळतं पण घरातले कॉम्प्युटर दिसत नाहीत. स्टिकरवरचा अॅडमिन पासवर्ड बदला, डब्ल्यूपीएस म्हणजे पासवर्ड न टाकता जोडायची सोय बंद करा, वायफायची सिक्युरिटी डब्ल्यूपीए 2 ह्या प्रकाराच्या खाली ठेवू नका.

नेट गेलं की क्रमानं बघा. कमांड प्रॉम्प्टमध्ये आयपीकॉन्फिग मारा. 169.254 नं सुरू होणारा पत्ता आला तर वाटणाऱ्यानं पत्ताच दिला नाही, वायर नाहीतर डबा बघा. दुसऱ्याच आळीचा आला तर घरात दुसरा वाटणारा शिरलाय. पत्ता बरोबर असेल तर डब्याला म्हणजे 192.168.1.1 ला पिंग मारा, म्हणजे हाक मारून उत्तर येतंय का बघा, मग बाहेरच्या गूगलच्या 8.8.8.8 ला. पहिलं चालतं दुसरं नाही तर भांडण कंपनीशी. दोन्ही चालतात पण वेबसाईट उघडत नाही तर डीएनएस म्हणजे वेबसाईटच्या नावावरून पत्ता शोधून देणारी सोय अडकली, डबा एकदा बंद-चालू करून बघा.

राहिली लाईट. डब्याला मिनी यूपीएस लावलाय, लाईट गेली तरी सेंटरचं लॅपटॉपवर चालू राहतंय. घेताना अॅडॉप्टरवर किती व्होल्ट लिहिलंय ते बघूनच घ्या, बहुतेक 12 असतंय पण आमच्या जुन्या राऊटरचं 9 निघालं. आणि यूपीएसवर कागद चिकटवा. आमच्या कागदावर भैय्यानं मार्करनं लिहिलंय, "ही पिन काढू नये, अण्णा."